घरच्या ध्वनिचित्रसंग्रहासाठी सिनॉलॉजी डीएस२२४ प्लस

ज्या घरात मिनीडीव्ही टेपांवर लग्नामुंजींची चित्रणे आहेत, आकाशवाणीवरून कॅसेटवर उतरवून घेतलेली नाट्यपदे आहेत, सीडींचे दोनतीन खण आहेत आणि फोनमधल्या छायाचित्रांची रोज भर पडते आहे, त्या घरासाठी नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेले डिस्कचे साठवणयंत्र, निवडताना आधी संग्रहाचा अंदाज घ्यावा आणि मगच यंत्राकडे वळावे. मिनीडीव्हीचे एक तासाचे चित्रण मूळ रूपात संगणकावर घेतले, तर सुमारे १३ जीबी जागा घेते, म्हणजे पन्नास टेपांना साधारण ६५० जीबी पुरतात. फ्लॅकमध्ये, म्हणजे ध्वनीचा दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या रूपात, साठवलेली एक सीडी तीनचारशे एमबीच्या आसपास बसते. या हिशेबाने बहुतेक कुटुंबांना प्रत्येकी ४ टीबीच्या, एकीवरचेच दुसरीवर उतरवणाऱ्या दोन डिस्कची जोडी पुष्कळ होते. मात्र विकत घेतलेल्या ब्लू-रे डिस्क पूर्ण आकारात ठेवायच्या असतील, तर एकेक चित्रपट २५ ते ५० जीबी व्यापतो आणि मग ८ टीबीपासून विचार सुरू करावा लागतो.

२०२३मध्ये बाजारात आलेला सिनॉलॉजी कंपनीचा डीएस२२४ प्लस हा दोन डिस्कचा नॅस या कामासाठी मला योग्य वाटतो, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे त्यातला इंटेल सेलेरॉन जे४१२५ हा प्रोसेसर. घरातला जुना टीव्ही एचईव्हीसी या नव्या पद्धतीने दाबलेले चित्रीकरण किंवा डीटीएस या रूपातला ध्वनी ओळखत नाही, तेव्हा नॅसला ती फाइल चालू असतानाच टीव्हीला समजेल अशा रूपात बदलून पाठवावी लागते. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असल्याने चित्राचे रूपांतर त्याच्याकडून करून घेता येते. स्वस्तातल्या डीएस२२३मध्ये रिअलटेकचा प्रोसेसर आहे. फाइली ठेवायला तो उत्तम, पण अशा रूपांतरासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. २०२५च्या डीएस२२५ प्लसमध्ये प्रोसेसर जे४१२५च आहे आणि एक लॅन पोर्ट २.५ गिगाबिटचा झाला आहे, परंतु ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीने काढून टाकल्याने चित्रपटांच्या संग्रहासाठी नवे मॉडेल जुन्यापेक्षा कमी उपयोगाचे ठरते. त्याच वर्षी प्लस मालिकेच्या नव्या नॅसवर इतर कंपन्यांच्या डिस्कना घातलेले निर्बंध ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ या नॅसच्या संचालन प्रणालीच्या आवृत्तीबरोबर सैल करण्यात आले, ही गोष्ट बरी झाली. तरीही ज्याला कुटुंबाच्या आठवणी दहा वर्षांसाठी सोपवायच्या आहेत, त्याने कंपनीचे हे धोरण लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

डीएस२२४ प्लसचे दोन्ही लॅन पोर्ट १ गिगाबिटचे आहेत, यावर बरीच टीका होते. ती फोरके चित्रीकरणाचे संपादन थेट नॅसवरून करणाऱ्यांसाठी खरी आहे. पाहण्यापुरते बोलायचे, तर फोरके ब्लू-रेचा कमाल वेग सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जातो, तरी गिगाबिट जोडणी त्याच्या कित्येक पट वाहून नेते. अडचण येते ती टीव्हीकडे, कारण अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो आणि अशा वेळी पाच गिगाहर्ट्झचे वायफाय केबलपेक्षा चांगले चालते. २ जीबी मेमरी मात्र तोकडी आहे; मोकळ्या खाचेत ४ जीबीची पट्टी बसवून घ्यावी.

सिनॉलॉजीचे व्हिडिओ स्टेशन हे चित्रपट दाखवणारे अ‍ॅप २०२४मध्ये डीएसएम ७.२.२ बरोबर बंद झाले. त्यामुळे आता प्लेक्स किंवा जेलीफिन यांसारखे दुसरे अ‍ॅप बसवावे लागते. प्लेक्स बसवायला सोपे, पण हार्डवेअरच्या आधाराने ट्रान्सकोडिंग हवे असेल तर प्लेक्स पास हे त्याचे सशुल्क सदस्यत्व विकत घ्यावे लागते. जेलीफिन पूर्णतः मोफत आहे; ते सिनॉलॉजीच्या कंटेनर मॅनेजर या अ‍ॅपमधून चालवताना त्याला प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा मार्ग स्वतः जोडून द्यावा लागतो, आणि ज्यांना ही खटपट जमते त्यांनी तेच घ्यावे. एव्ही१ या आणखी नव्या पद्धतीने दाबलेल्या फाइलींचे मात्र हा प्रोसेसर हार्डवेअरने डिकोडिंग करू शकत नाही.

डिस्क निवडताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी. एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे माहितीच्या रेघा एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या, डिस्क लिहिताना मंदावतात आणि एक डिस्क बदलून दुसरीची हुबेहूब प्रत (आरसाप्रत) पुन्हा बांधायची वेळ आली, की ते काम फार रेंगाळते. वेस्टर्न डिजिटलच्या साध्या रेड मालिकेतील २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर असल्याचे २०२० साली उघड झाले. रेघा वेगळ्या ठेवणारी सीएमआर डिस्क हवी असेल तर रेड प्लस किंवा सीगेटची आयर्नवुल्फ घ्यावी. जोडीला यूएसबीने नॅसशी बोलणारा यूपीएस हवाच, कारण पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा लिहिणे अर्धवट राहिलेली डिस्क धोक्यात येते. यूपीएसची बॅटरी संपत आल्याचे कळले, की नॅस लिहिणे थांबवून सुरक्षित स्थितीत जातो.

दोन डिस्कवर सारखीच माहिती असणे म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेले फोल्डर दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. बीटीआरएफएस या फाइलव्यवस्थेचे स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक क्षणी टिपून ठेवलेली फाइलींची स्थिती, अशा वेळी कामी येतात, पण चोरी, आग किंवा घरात शिरलेले पाणी यांपुढे तेही निरुपयोगी. म्हणून मोठ्या नॅसवर पैसे खर्च करण्याऐवजी याच दोन डिस्कच्या नॅसबरोबर एक बाहेरची यूएसबी डिस्क घ्यावी, सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअप या अ‍ॅपने तिच्यावर कूटबद्ध प्रत काढून ती दुसऱ्या घरी ठेवावी आणि अधूनमधून आणून त्या प्रतीतले एखादे चित्रण खरोखर चालते का, ते पाहावे.