चिप ब्रोकरची सेवा: लाइन थांबलेली असताना घ्यावी का?

मायक्रोकंट्रोलर चिपचा शेवटचा ट्रे संपला की ईसीयूची (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटची) लाइन थांबते आणि तिच्यामागून गाडीचीही. अधिकृत वितरक २६ आठवडे सांगतो. त्यात लबाडी नसते. वेफर (चिपा ज्यावर घडतात ती सिलिकॉनची चकती) फॅबमधून, म्हणजे चिपच्या कारखान्यातून, बाहेर पडायलाच तीनेक महिने जातात, पॅकेजिंग आणि टेस्टिंग त्यानंतर. अशा वेळी खुल्या बाजारातून माल काढून देणारा ब्रोकर आठवतो. सेवा उपयोगाची आहे, पण ब्रोकर निवडावा तो त्याचा तपासणी अहवाल वाचून. साठ्याच्या यादीवर जाऊ नये.

यादीत ‘स्टॉक आहे’ असं लिहिलेलं असलं तरी माल हातात असेलच असं नाही. एकच रीळ (टेपवर गुंडाळलेल्या चिपांचं) चार जणांच्या यादीत दिसतं. पाच ठिकाणी ५,००० नगांची चौकशी टाकली की बाजाराला ती २५,००० नगांची मागणी वाटते आणि भाव चढतो. म्हणून चौकशी एकाकडेच करावी आणि आधी लेबलचा फोटो मागवावा: डेट कोड (कधी बनला ते), लॉट नंबर आणि शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण पार्ट नंबर. तापमानाची ग्रेड बहुधा त्या शेवटच्या अक्षरांतच असते. एईसी-क्यू१०० या गाड्यांच्या चिपांच्या मानकात ग्रेड १ म्हणजे उणे ४० ते १२५ अंश. ८५ अंशांचा इंडस्ट्रियल माल पिन न् पिन जुळला तरी इंजिनाजवळ टिकायचा नाही.

चांगल्या ब्रोकरची खरी कमाई तपासणीत दिसते. अॅसिटोनने पुसल्यावर वरचा काळा थर सुटला, तर जुनी छपाई घासून नवी मारली आहे. शिसेविरहित पार्टच्या पायांवर एक्सआरएफने (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्राने) शिसं दाखवलं, तर पाय पुन्हा कथील लावून चमकवलेले आहेत. एक्स-रेमध्ये एकाच लॉटच्या चिपांची लीडफ्रेम (आतला धातूचा सांगाडा) वेगळी दिसली, तर भेसळ आहे. दोन-तीन नगांचं डीकॅप करून, म्हणजे वरचं आवरण काढून, डायवरची (आतल्या सिलिकॉनच्या तुकड्यावरची) खूण वाचलीच पाहिजे. आणि ब्लँक चेक! कोऱ्या म्हणून विकलेल्या चिपच्या फ्लॅश मेमरीमध्ये कोड सापडला, तर ती जुन्या बोर्डावरून उपटलेली.

सेवा उणी पडते ती दोन जागी. इलेक्ट्रिकल टेस्ट बहुधा २५ अंशांवरच होते. उणे ४० आणि १२५ वेगळं मागावं लागतं. दुसरी गोष्ट ओलाव्याची. तपासणीसाठी पिशवी फोडतात आणि किती तास उघडी राहिली ते लिहीत नाहीत. एमएसएल ३ च्या (ओलाव्याच्या संवेदनशीलतेची पातळी ३) पार्टला पिशवी उघडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तासच मिळतात. त्यापुढे गेलं तर रिफ्लोत (बोर्डावर सोल्डर करायच्या भट्टीत) आतल्या ओलाव्याची वाफ होऊन पॅकेज तडकतं. ट्रेमधला माल १२५ अंशांवर बेक करून वाळवता येतो, पण आधी ट्रेवर छापलेली कमाल मर्यादा बघा. टेप-रीळ तेवढी उष्णता सोसत नाही. ते ४० अंशांवर, कोरड्या हवेत, कित्येक दिवस ठेवावं लागतं. ‘तातडीचा माल’ तिथेच अडकतो.

साध्या डायोड-ट्रान्झिस्टरसाठी मात्र हा खटाटोप परवडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने नेक्सपीरिया या चिप कंपनीच्या मालाची निर्यात रोखली, तेव्हा कार कंपन्या असल्याच किरकोळ भागांसाठी अडल्या. एसओटी-२३ या छोट्या पॅकेजचं ३,००० नगांचं रीळ तपासण्याचा खर्च रीळाहून जास्त होतो. फूटप्रिंट (बोर्डावरची जागा) बहुतेक उत्पादकांचा सारखाच असल्याने तिथे दुसऱ्या कंपनीच्या मालाला मंजुरी घेणं बरं. मायक्रोकंट्रोलरमध्येही आधी त्याच फॅमिलीतला, त्याच पॅकेजचा, जास्त फ्लॅशचा पार्ट वितरकाकडे विचारून बघावा. सॉफ्टवेअरची दुरुस्ती बहुधा थोडक्यात भागते.

ऑर्डर दिलीच, तर पैसे एस्क्रोत (माल पटेपर्यंत तिसऱ्याकडे) ठेवा आणि कुठला लॉट कुठल्या ईसीयू सिरियलमध्ये गेला ते नोंदवा. चिप उत्पादक या मालाची वॉरंटी देत नाही आणि कार कंपनीची लेखी मंजुरी आधी लागते. परताव्याची अट ‘चाचणीत नापास’ या शब्दांत असावी, ‘बनावट सिद्ध झाल्यास’ अशी नको; बनावट सिद्ध करायला मूळ उत्पादकाचं पत्र लागतं, आणि तो ब्रोकरचा माल सहसा तपासूनच देत नाही.