भावाच्या अंगठ्याला शाई दिसली, तेव्हाच विचारायला पाहिजे होतं

माझा धाकटा भाऊ बी.ए. झालाय, बँकेत सही करतो, आन नव्या औषधाच्या चाचणीसाठी त्याच्या नावानं अंगठा लावलेलं संमतीपत्र आज माझ्या हातात आहे. चार महिने भांडून झेरॉक्स मिळाली. अशा अभ्यासात सही झाल्यावर एक प्रत पेशंटला नाहीतर सोबतच्या माणसाला द्यावीच लागते, नव्या औषधांच्या चाचण्यांच्या 2019 च्या नियमात आहे. प्रत मिळाल्याशिवाय घरी जाऊ नका.

आम्ही माजलगाव तालुक्यातले. भावाला स्किझोफ्रेनिया, संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात ॲडमिट केला. तिथला पोरगा म्हणला, दादा, नव्या गोळीचा स्टडी आहे, गोळ्या फुकट, फेरीला 500 रुपये भाडं मिळंल. उसाचं बिल आलेलं नव्हतं, मी हो म्हणलो, माझ्या जागी कुणीबी म्हणलं असतं.

दुसऱ्या दिवशी माय त्याला चहा पाजत होती तर डाव्या अंगठ्याला निळी शाई. माय म्हणली बी, ह्येला कशाची शाई लागली रं? मी म्हणलो, असंल दवाखान्याचं काहीतरी. रात्रीच्या इंजेक्शननं त्याचे डोळे उघडत नव्हते, तसल्या झोपेत अंगठा घेतला, साक्षीदार म्हणून त्यांच्याच वॉर्डबॉयची सही. साक्षीदार बाहेरचा लागतो. शाई समोर दिसत होती आन मी बिस्किटं आणायला खाली गेलो, हे डोक्यातून जात नाही.

नंतर रक्त तपासणीचे 2,350 आन एमआरआयचे 5,500 आमच्याकडूनच घेतले. अभ्यासासाठीच्या तपासणीचा एक रुपयाही देऊ नका. 7 फेऱ्यांचे 3,500 आजवर आले नाहीत. जुनी गोळी बंद केली, तिसऱ्या आठवड्यात भाऊ रात्री निघून गेला, सकाळी उसाच्या फडात सापडला, पाय रक्ताळलेले.

पोलिस म्हणले, कागद तर आहे की तुमचा. अहो, कागदावर तारीख 11, ॲडमिट 13 ला झाला, डिस्चार्ज कार्ड समोर ठेवलं, साहेबानं उघडलंसुद्धा नाही! दवाखान्याची एथिक्स कमिटी, म्हणजे अशा अभ्यासात पेशंटचं हित बघणारी समिती, म्हणली लेखी द्या, दिलं, मग म्हणली इंग्रजीत द्या, ते बी दिलं, आता म्हणते बैठक झाली नाही. जिल्ह्याच्या ऑफिसात तीन चकरा, प्रत्येक वेळी दुसरं टेबल, शेवटी एक बाई म्हणाल्या, हा आमचा विषय नाही, वकील करा. मग विषय कुणाचा? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 99 आहे, पेशंट स्वतः संमती देऊ शकत नसंल तर राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. ती कुठंय, एवढं विचारलं तर सगळे माझ्याकडंच बघतात.

औषधाची चाचणी असंल तर सीटीआरआय, म्हणजे देशातल्या औषध चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या साइटवर नोंद असती, फुकट बघता येते, सही करायच्या आधी बघा. अर्जाची पोच घ्या, माझा पहिला अर्ज पोच नाही म्हणून गायबच केला.

काल तिसरा अर्ज स्पीड पोस्टानं टाकला. भाऊ जुन्या गोळीवर परत आलाय, पण कागद दिसला की अंगठा मुठीत दाबून धरतो.