पंप देण्याआधी मोजणारे चिकित्सालय (सांगली)

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा दमा सौम्य आहे. तरी ऊसतोडीच्या हंगामात शिवारात पाचट पेटू लागले, की तिचा रात्रीचा खोकला वाढतो. आधीच्या एका दवाखान्यात स्टिरॉइडचा पंप लिहून मिळाला होता, पण तो तिला लागू पडेल का आणि ते ओळखायचे कसे, हे कोणी सांगितले नव्हते. सांगलीतील या बालदमा चिकित्सालयात बोलण्याची सुरुवातच त्या प्रश्नापासून झाली.

येथे आधी श्वासातील नायट्रिक ऑक्साइड (श्वासनलिकांतील सुजेची खूण देणारा वायू) मोजतात आणि मगच स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, करतात, कारण जोराने फुंकल्यावर पहिला आकडा खाली येऊ शकतो; हे तंत्रज्ञ बाईंनी आपणहून समजावले. मुलांमध्ये तो आकडा ३५ पीपीबीच्या (अब्ज भागांतील भाग) वर असेल तर पंपाचा गुण येण्याची शक्यता अधिक, २० च्या खाली असेल तर कमी. मुलीचा ४८ आला. रक्तातील इओसिनोफिल, म्हणजे अशा सुजेत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, याही वाढलेल्या होत्या.

एवढे असूनही डॉक्टरांनी खात्री दिली नाही, आणि मला हेच सर्वांत मोलाचे वाटले. सौम्य ते मध्यम दम्याच्या मुलांवरील २००५ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाचा त्यांनी दाखला दिला. फुफ्फुसांची क्षमता किमान साडेसात टक्क्यांनी सुधारावी, अशी कसोटी त्यात होती. २३ टक्के मुले केवळ स्टिरॉइडने, ५ टक्के केवळ मॉन्टेलुकास्टने (दम्यावरील तोंडाने घ्यायचे औषध) आणि १७ टक्के दोन्हींनी त्या कसोटीला उतरली, उरलेली ५५ टक्के कशानेच नाही. म्हणून आठ आठवड्यांनी पुन्हा मोजून निर्णय घ्यायचा, असे ठरले. स्टिरॉइडमुळे उंचीवर होणाऱ्या किंचित परिणामाची कल्पनाही त्यांनी आम्ही विचारण्याआधीच दिली आणि मात्रा कमीत कमी ठेवली.

ठरल्या दिवशी आकडा २२ वर आला होता आणि खोकल्याने जागी झालेली रात्र महिन्याभरात एकही नव्हती. तत्पूर्वी मुलीला स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून पंप घेऊन दाखवायला सांगितले गेले. तिचा मास्क सैल बसत होता, तो बदलून दिला.

शनिवारी मात्र दोन तास थांबावे लागते. शिवाय प्रतीक्षागृहात सकाळी उदबत्ती लावतात. दम्याची मुले जेथे बसतात तेथे हा धूर नको, असे मी स्वागतकक्षात लेखी दिले आहे. पुढच्या भेटीत काय दिसते ते येथेच नोंदवीन.