पणजीत मिळणारी इटालियन बिब शॉर्ट: इतकी महाग का, आणि घ्यावी कोणी

पणजीत 18 जून मार्गालगतच्या एका सायकल दुकानात टायर, ट्यूब आणि हेल्मेट यांच्या पलीकडे एक पूर्ण भिंत कपड्यांसाठी राखून ठेवलेली आहे. तिच्या वरच्या रांगेत एका इटालियन ब्रँडच्या जर्सी आणि बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्टे येणाऱ्या, बैठकीला पॅड लावलेल्या सायकलस्वारांच्या घट्ट अर्ध्या चड्ड्या) आहेत, तर खालच्या रांगांत भारतात आणि बांगलादेशात शिवलेला माल आहे. मिरामारला 2019 मध्ये पोहणे, सायकल आणि धावणे अशी पहिली आयर्नमॅन 70.3 स्पर्धा झाली, तेव्हापासून वरच्या रांगेची विचारणा वाढली, असे दुकानदार सांगतात. विचारणा करणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न मात्र एकच असतो: हीच वस्तू इटलीत बरीच कमी किमतीत मिळते, मग इथे का नाही? मालाच्या गुणवत्तेइतकाच हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, कारण जी किंमत आपण मोजतो तिच्यातला किती भाग कापडाचा, शिवणीचा आणि पॅडचा आहे हे कळल्याशिवाय वस्तू त्या किमतीची आहे की नाही हे ठरवता येत नाही.

प्रथम वस्तूविषयी. या बिब शॉर्टचे पॅड वेगवेगळ्या घनतेच्या फोमचे आहे. बैठकीच्या हाडांखाली ते दाट आणि जाड, तर कडेला पातळ होत गेलेले आहे. खांद्यावरचे पट्टे जाळीच्या कापडाचे असून मांडीवरचा ग्रिपर, म्हणजे कापड जागी धरणारी पट्टी, रुंद आहे, त्यामुळे कापड वर सरकत नाही आणि त्वचेत रुततही नाही. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो कापडातच साचून राहतो, आणि डिचोली, साखळी, केरी करत चोर्ला घाट चढताना ओल्या पॅडचे घर्षण हाच सर्वांत मोठा त्रास ठरतो. या कसोटीवर ही बिब शॉर्ट उत्तम उतरते. पॅडची कड शिवणीने उंचावलेली नाही, ओले झाल्यावरही ते गोळा होत नाही, आणि वारंवार धुतल्यानंतरही कापडाचा ताण टिकून आहे. खालच्या रांगेतील स्वस्त शॉर्टमध्ये पहिला तासभर फरक जाणवत नाही. तिसऱ्या तासाला मात्र तो स्पष्ट जाणवतो.

आता किंमत. ग्राहक सामान्यतः सगळा दोष एकतर सरकारी करांना देतो किंवा दुकानदाराच्या नफ्याला देतो. प्रत्यक्षात या दोन गोष्टी एकमेकींवर चढत जातात आणि खरी वाढ तिथे होते. समजा, विमा आणि वाहतूक धरून ही शॉर्ट न्हावा शेवा बंदरात आयातदाराला 55 युरोला पडली. विणलेल्या बहुतेक तयार कपड्यांवर आपल्याकडे 20 टक्के मूळ सीमाशुल्क आहे आणि त्या शुल्काच्या 10 टक्के इतका समाजकल्याण अधिभार आहे. दोन्ही मिळून 22 टक्के, म्हणजे इथे सुमारे 12 युरो. बंदरावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, आयातदाराला मिळते, परंतु सीमाशुल्काचे मिळत नाही. ते वस्तूच्या मूळ खर्चात कायमचे मिसळते. त्यावर आयातदाराने 30 टक्के आणि दुकानदाराने 40 टक्के चढवले, आणि शेवटी 18 टक्के जीएसटी लागला, तर गिऱ्हाइकाला ती 144 युरोला पडते. सीमाशुल्क नसते आणि बाकी सर्व तसेच राहिले असते, तर तीच 118 युरोला पडली असती. बंदरावर भरलेले 12 युरो काउंटरपर्यंत येताना 26 होतात, कारण प्रत्येक टप्प्यावरची टक्केवारी त्या शुल्कावरही आकारली जाते.

ही टक्केवारी म्हणजे लूट, असे मला वाटत नाही. एका मॉडेलचे सहा आकार आणि दोन रंग ठेवायचे, तर दुकानदाराला मोठी रक्कम भिंतीवर अडकवून ठेवावी लागते, आणि पणजीसारख्या लहान बाजारपेठेत अगदी लहान व अगदी मोठे आकार वर्ष उलटले तरी विकले जात नाहीत. इटलीत युरोपीय संघाच्या आत शिवलेल्या मालावर सीमाशुल्क नाही, आणि ब्रँड स्वतः थेट विकत असेल तर आयातदाराचा टप्पाच गळतो. तिथल्या छापील किमतीत 22 टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो, म्हणजे विक्रीकराच्या बाबतीत इटालियन ग्राहक आपल्यापेक्षा जास्तच भरतो. तरीही त्याला वस्तू स्वस्त पडते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

इतर देशांकडे पाहिले, तर हे चित्र अधिक स्पष्ट होते. हाँगकाँगमध्ये कपड्यांवर ना सीमाशुल्क ना विक्रीकर. सिंगापुरात सीमाशुल्क नाही आणि जीएसटी 9 टक्के. ऑस्ट्रेलियात शुल्क 5 टक्के आणि जीएसटी 10 टक्के. अमेरिकेतील किमती आपल्याला फार कमी वाटतात याचे एक कारण असे की तिथल्या छापील किमतीत विक्रीकर धरलेलाच नसतो, तो बिलात वेगळा लागतो, आणि ओरेगनसारख्या राज्यात तो मुळीच नाही. मात्र कृत्रिम धाग्याच्या विणलेल्या काही कपड्यांवर अमेरिकेचे मूळ शुल्कच 32 टक्क्यांपर्यंत आहे. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी माफी 29 ऑगस्ट 2025 रोजी बंद झाल्यावर परदेशातून मागवणाऱ्या तिथल्या सायकलस्वारांनाही ते जाणवू लागले. स्वित्झर्लंडने 1 जानेवारी 2024 पासून औद्योगिक मालावरील सीमाशुल्क काढून टाकले, तिथला मूल्यवर्धित कर 8.1 टक्के आहे, तरीही तिथली दुकाने महागच आहेत. भाडे, पगार आणि ग्राहकाची ऐपत पाहून ब्रँड प्रत्येक देशासाठी वेगळी किंमत ठरवतात, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे 22 सप्टेंबर 2025 रोजी झालेल्या जीएसटी बदलाने हे अंतर आणखी वाढवले. त्यापूर्वी 1000 रुपयांवरील सर्व कपड्यांना 12 टक्के कर होता; आता 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के आणि त्यावरच्या कपड्याला 18 टक्के आहे. खालच्या रांगेतील 2000 रुपयांची जर्सी त्यामुळे स्वस्त झाली, तर वरच्या रांगेतील प्रत्येक वस्तू महागली. शिवाय शुल्क ब्रँडच्या देशावर नव्हे तर माल कोठे तयार झाला यावर ठरते, त्यामुळे चिठ्ठीवरील ‘मूळ देश’ हा रकाना अवश्य वाचावा. बांगलादेशातील बहुतेक तयार कपडे साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारातील सवलतीमुळे 2011 पासून सीमाशुल्काशिवाय येतात; मे 2025 पासून ते जमिनीच्या मार्गाने आणता येत नाहीत, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतून येतात, तरी शुल्काचा तो फायदा कायम आहे.

म्हणूनच इटालियन जर्सी विकत घेण्याची शिफारस मी करणार नाही. कापड हलके आहे आणि मागचे खिसे भरले तरी लोंबत नाहीत, हे मान्य. परंतु आपल्या हवेत ती खालच्या रांगेतील चांगल्या जर्सीइतकीच भिजते, आणि तिच्यासाठी मोजलेल्या जास्तीच्या रकमेतील मोठा भाग शुल्क आणि त्यावरच्या टक्केवारीत जातो. बिब शॉर्टचे तसे नाही. पॅडमधील फरक शरीराला कळतो, आणि जो आठवड्यातून एकदा तरी तीन-चार तास सलग सायकल चालवतो त्याने तिच्यावर खर्च करावा. मिरामार ते दोना पावला एवढीच सकाळची फेरी असेल, तर तिची गरज नाही.

दुबईत किंवा इंग्लंडात असलेल्या नातेवाइकाकडून मागवण्याची सोय गोव्यातील पुष्कळ घरांना आहे, आणि पैशांच्या हिशेबात ती बहुधा फायद्याचीच ठरते. परंतु बिब शॉर्टचा आकार अंदाजाने घेता येत नाही. इटालियन कपडे आपल्या नेहमीच्या मापापेक्षा एक आकार लहान निघतात. या दुकानात घालून पाहू देतात, खोगिरावर बसूनही पाहू देतात, आणि एमआरपी व आयातदाराचा पत्ता असलेली चिठ्ठी मागितल्याशिवाय समोर ठेवतात. ही सेवा मोलाची आहे. उणीव आहे ती स्त्रियांच्या मालाची: वरच्या रांगेत स्त्रियांसाठीचे एकच मॉडेल आणि तेही दोनच आकारांत आहे, मागवून दिले तर आगाऊ पूर्ण रक्कम घेतात आणि आकार बसला नाही तरी परत घेत नाहीत. ही अट दुकानदारांनी बदलावी.