ओल्या जागेसाठी निर्गुडी की धायटी?

दोन्ही आपलीच झुडपं, दोन्ही ओढ्याकाठी भेटतात आणि दोन्हींवर मधमाश्या येतात. तरी सतत ओल राहणाऱ्या जागेत मी निर्गुडीच लावेन.

तिची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी पावसाळ्यात मातीत खोचली की सहज मूळ धरते. पानं उग्र वासाची, त्यामुळे शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. फूल जवळून बघा: निळसर-जांभळं, जेमतेम नखाएवढं, पण खालची पाकळी इतरांपेक्षा मोठी, पुढे आलेली. मधमाशी नेमकी तिच्यावर उतरते आणि डोकं आत घालते. फक्त छाटणी चुकवू नका, नाहीतर झुडूप भलतंच फोफावतं.

धायटीला पाण्याचा निचरा हवा. ती उतारावर, खडकाळ जमिनीतही तग धरते. बी अगदी बारीक, रोपाला वेळ लागतो. पण हिवाळा सरता सरता फांद्या लालभडक नळीदार फुलांनी भरतात, त्यात मध भरपूर, आणि मधमाश्यांसोबत शिंजीर पक्षीही येतात. बांधाचा वरचा, कोरडा भाग मोकळा असेल तर तिथे धायटी जरूर लावा.