डिझेल गाडी, १४ महिने : ऑइल वाढतंय म्हणून मी खुश होतो

११ हजार किमी झाले. पंधराशे सीसी, टर्बो, बीएस-६ डिझेल, बाकीचे स्पेक सगळ्यांना पाठ आहेत. पिकअपबद्दल तक्रार नाही. १७००-१८०० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो, त्यामुळं मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकमागं अडकलं की दुसरा गिअर टाकावाच लागतो, पण एकदा ओढ धरली की चार माणसं अन् डिकीतलं ज्वारीचं पोतं कळत पण नाही.

आता ऑइल. रविवारी डिपस्टिक काढून बघायची माझी सवय वडलांच्या जुन्या जीपपासूनची, ती जीप ऑइल प्यायची. ही पीतच नव्हती, उलट दर महिन्याला लेव्हल जरा वरच. मी ऑफिसात सांगत फिरलो की असलं इंजिन लातुरात कुणाकडं नाही. आठव्या महिन्यात लेव्हल मॅक्सच्या खुणेच्या अर्धा बोट वर गेली, चिमटीत चोळून वास घेतला तर सरळ डिझेल!

सर्व्हिसवाले म्हणले, तुमच्या वापरामुळं झालंय, वॉरंटीत बसत नाही. ऑइल-फिल्टरचं बिल ६,८०० रुपये. मी तासभर भांडलो, डिझेल फवारणारा इंजेक्टरच गळतोय म्हणलं. चेक करायला लावले, चारही ओके. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या.

नंतर गल्लीतल्या मिस्त्रीनं समजावलं. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्यात काजळी साठती, ती जाळायला आत ६०० डिग्रीच्या आसपास तापावं लागतं, म्हणून इंजिन मुद्दाम उशिरा जास्तीचं डिझेल मारतं. मधेच गाडी बंद केली की जळणं अर्धवट, मग थोड्या वेळानं परत तेच, अन् न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या फटीतून खाली ऑइलात. ऑइल पातळ झालं की पहिला फटका टर्बोला, त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो ते ऑइलच्या पापुद्र्यावरच.

अन् मी काय करायचो? घर ते ऑफिस तीन किमी. कधीकधी पोचेपर्यंत आयडल ८०० चं १००० व्हायचं, फॅन बोंबलायचा, स्क्रीनवर मायलेज सहा. ही काजळी जळत असल्याची खूण, मला कुठं माहीत. डिझेल फुकट चाललंय म्हणून मी पटकन चावी फिरवायचो! चूक माझीच, मान्य. पण विकताना सेल्समननं कलर विचारला, ईएमआय विचारला, रोज किती फिरता हे एकदा पण नाही. तीन किमीसाठी पेट्रोलच घ्यायची होती राव.

आता दर रविवारी औशाला जाऊन यायचं, ४० किमी, चौथ्या गिअरमध्ये दोन हजारच्या वर ठेवून. सहा महिने झाले, लेव्हल हलली नाही. पण काजळी जाळायला हप्त्याला दोनशेचं डिझेल, हे अजून पचत नाही. परवा औशाहून आलो, गेटपाशीच फॅन सुरू झाला. आतून बायको म्हणली, ताट वाढलंय, उतरा. रिव्हर्स टाकला अन् रिंगरोडला अजून एक चक्कर मारून आलो. वरण पार गार झालं होतं.