गळाचं शिसं ओतायचा चार घरांचा साचा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अ‍ॅल्युमिनियमच्या दोन जाड फळ्या, एका बाजूला बिजागरी, आत थेंबाच्या आकाराची चार घरं, म्हणजे गळाच्या दोरीला बांधायचं शिशाचं वजन ओतायच्या पोकळ्या : ४०, ६०, ८० आणि १०० ग्रॅम. वरच्या टोकाला पितळी तारेची कडी बसवायला खाच. साकीनाक्याच्या एका गाळ्यात सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रावर) काढून घेतलेला हा साचा ऑक्टोबर ते मे असा पूर्ण हंगाम वापरला. त्यातून साधारण ३५ किलो शिसं गेलं. शिसं चांगलंच निघतं, पण पुन्हा असा साचा करून घेणार नाही. काम गाळेवाल्याने चोख केलं, ऑर्डरच चुकीची दिली होती.

चूक अशी की चार वेगवेगळी वजनं एकाच ठोकळ्यात मागितली. एकाच खर्चात चार मापं मिळतात, म्हणून मोह होतो. पण १०० ग्रॅमच्या घरात ४०च्या अडीचपट गरम शिसं पडतं, म्हणजे उष्णताही अडीचपट. चारही घरं ओळीने भरत गेलं की आठ-दहा फेऱ्यांत साच्याचं एक टोक तापून बसतं आणि दुसरं गारच राहतं. १०० ग्रॅमचं शिसं मग पांढुरकं, दाणेदार पृष्ठभागाचं निघतं, गोठायला वेळ घेतं आणि घाईने साचा उघडला तर मानेपाशी तुटतं. त्याच फेरीतल्या ४० ग्रॅमच्या अंगावर सुरकुत्या असतात, खालचं टोक बोथट राहतं. एका साच्यात एकाच वेळी जास्त ताप आणि कमी ताप, दोन्ही दोष! त्यावर उपाय एकच सापडला : ४० आणि ६०ची घरं प्रत्येक फेरीत भरायची, १००चं घर एक फेरी सोडून. जमतं, पण फेऱ्या मोजत बसावं लागतं.

म्हणून नवीन साचा करून घेणाऱ्याने दोनच घरं घ्यावीत, दोन्ही एकाच वजनाची. सहा घरांचा साचा दिसायला भारी, पण शेवटचं घर भरेपर्यंत पळीतलं शिसं निवतं आणि हातात ठोकळ्याचं वजनही पेलावं लागतं. दोन घरांच्या साच्याला लय सापडली की तासाभरात हंगामाच्या अर्ध्या गरजेचं शिसं होतं.

कुठलं वजन आणि कुठला आकार, हे किनारा ठरवतो. बँडस्टँड किंवा वरळीच्या काळ्या खडकात थेंबाचा आकार बरा. ओढताना टोक पुढे येतं आणि फटीतून सुटायची शक्यता राहते. चौकोनी पिरॅमिड तिथे पाचरीसारखा अडकतो. अक्सा, गोराईच्या वाळूत उलट : थेंब प्रवाहाबरोबर गडगडत जातो, पिरॅमिड कोपरा रुतवून बसतो. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत ६० ग्रॅम पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, पाणी ओढत असताना, ८० आणि १०० लागतं. रॉडवर कास्टिंग वेट (त्याने फेकायचं वजन) छापलेलं असतं, ते ओलांडू नये. एकच साचा घ्यायचा असेल तर ८० ग्रॅमचा थेंब. (निव्वळ खडकात, जिथे दर तिसऱ्या फेकीला शिसं जातं, तिथे जुना स्पार्क प्लग बांधावा. समुद्रात शिसं पेरण्यात काही शहाणपण नाही. ब्रिटनने १९८७ मध्ये हंसांच्या शिसेबाधेमुळे २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आणली.)

गाळ्यात ऑर्डर देताना नुसतं चित्र देऊन भागत नाही. ठोकळा ६०६१ किंवा ६०८२ ग्रेडचा सांगावा, भंगारातून ओतलेला नको. प्रत्येक फळी निदान २५ मिलिमीटर जाड हवी. पातळ फळी तापल्यावर वाकते आणि मग दोन भागांत फट पडते. वजनाचा हिशेब सोपा : शुद्ध शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, म्हणजे ८० ग्रॅमला सुमारे ७.०५ घन सेंटिमीटरचं घर. टायरच्या वजनांचं (चाकाचा तोल साधायला रिमवर लावतात त्यांचं) शिसं वापरलं तर त्यातल्या अँटिमनी या हलक्या धातूमुळे तेच घर दोन-तीन टक्के हलकं भरतं. १००चं ९७ येतं, मासा तक्रार करत नाही.

खरं लक्ष द्यायचं ते तीन ठिकाणी. घराच्या कडांना ३ अंशांचा उतार हवा, नाहीतर शिसं साच्यातून सुटत नाही. गोल टोकाच्या कटरच्या बारीक रेषा घरात राहतात, त्यांनाही शिसं धरतं. ४००च्या पॉलिश पेपरने त्या घासून घ्यायला सांगावं. आणि हवा निघायला घराच्या तळापासून बाहेरपर्यंत केसासारखी रेघ मारायला लावावी. खोली ०.०५ मिलिमीटर पुरे, जास्त खोल केली तर हवेमागोमाग शिसंही बाहेर येतं. आमच्या साच्यात ही रेघ सुरुवातीला नव्हती. प्रत्येक थेंबाच्या बुडाला वाटाण्याएवढा खड्डा पडायचा. रेघा मारून आणल्यावर खड्डा गेला.

ओतायचं तोंड हा या साच्याचा सगळ्यात चांगला भाग. वर ८ मिलिमीटरचं नरसाळं दिलंय आणि ते नीट भरलं की काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. ओतल्यावर तोंडावर आरशासारखी चकचकीत टोपी उभी राहते. मग एकाएकी मध्यभागी खळी पडते आणि टोपी खाली ओढली जाते. गोठताना शिशाचं आकारमान साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटतं, ती तूट टोपीतून भरून निघते. टोपी लहान ठेवली तर तीच खळी थेंबाच्या आत, नेमकी कडीपाशी पडते आणि जोरात फेकलं की कडी उपटून येते. त्यामुळे टोपीची काटकसर करू नये. कापून परत कढईतच जाते.

कडीला १.२ मिलिमीटरची पितळी तार. आत जाणाऱ्या दोन शेपट्यांना पीळ देऊन टोकं फाकवायची. सरळ ठेवली तर ओढल्यावर निघतात. गॅल्व्हनाइझ्ड तार स्वस्त, पण बिघडलेले नग पुन्हा वितळवताना तिच्यावरचं जस्त कढईत उतरतं.

जस्त ही या कामातली खरी डोकेदुखी. टायरवाल्याकडून आणलेल्या वजनांत हल्ली जस्ताची आणि लोखंडाची भरपूर असतात. पक्कडीच्या धारेने दाबून बघावं : शिसं लोण्यासारखं कापतं, जस्तावर जेमतेम ओरखडा उठतो. एखादं निसटलंच, तर आच बेताची असेपर्यंत ते न वितळता वर तरंगतं, कारण शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि जस्त जवळजवळ ४२० अंशांना. त्याआधी झाऱ्याने काढून टाकलं तर वाचलात. एकदा विरघळलं की शिसं लापशीसारखं दाट होतं आणि साचा भरतच नाही. बॅटरीच्या प्लेटा आणूच नयेत. त्यांत अ‍ॅसिड आणि शिशाची भुकटी असते, शिवाय त्यांच्या मळीला ओल लागली की विषारी वायू सुटू शकतो. शीटचं किंवा जुन्या पाइपाचं मऊ शिसं मिळालं तर उत्तम. गुलालवाडी, कीका स्ट्रीटकडे शिशाचे ओतीव पाटही मिळतात.

ओतायची पद्धत. लोखंडी कढई, ५ किलोच्या सिलिंडरची शेगडी, लांब दांड्याची लोखंडी पळी. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालणार नाही, तापल्यावर त्याचा जोर जातो. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून शिसं ३७० ते ४०० अंशांत ठेवायचं. वर निळसर-जांभळी झाक आली की आच जास्त झाली. मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळायचं, वर येणारी मळीची साय काढायची. नवीन साच्याचं तेल भांड्याच्या साबणाने धुवून, पूर्ण वाळवून, घरांना मेणबत्तीची काजळी धरायची. काजळी पातळच हवी, जाड थराने वजन घटतं. मग साचा शेगडीच्या कडेला तापवायचा. तरीही पहिले पाच-सहा नग सुरकुतलेलेच येतात, ते परत कढईत.

दोन भागांमध्ये शिशाचा कण अडकला तर साचा मिटत नाही आणि नगाला चारी बाजूंनी पापुद्रा येतो. साचा गरम असतानाच तो कण बांबूच्या काडीने काढावा. स्क्रूड्रायव्हर लावलात तर कायमचा चरा पडलाच म्हणून समजा. मुठी गाळ्यातून आल्या त्या नुसत्या लोखंडी बोल्टच्या, दहा मिनिटांत धरवत नव्हत्या. नागदेवी स्ट्रीटवरून कानशीच्या लाकडी मुठी आणून ठोकल्या, प्रश्न मिटला.

आता दमट हवा. मुंबईत याला पर्याय नाही. पाट, पळी, टाकाऊ नग, सगळ्यावर ओल असते. वितळलेल्या शिशात ओली वस्तू बुडाली की पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. प्रत्येक तुकडा आधी कढईच्या काठावर तापवूनच आत सोडायचा. पावसाची भुरभुर असेल तर काम बंद. बूट, फुल पँट, चामडी हातमोजे, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल. हे सगळं उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन. चाळीची गॅलरी, फ्लॅटची बाल्कनी, स्वयंपाकघर यांपैकी काहीही चालणार नाही. ४०० अंशांपर्यंत धुरापेक्षा साय काढताना आणि कानस मारताना उडणारी भुकटी जास्त घातक, म्हणून बारीक धूळ अडवणारा मास्क लावायचा. काम चालू असताना चहा-तंबाखू नाही. हात साबणाने, कपडे वेगळे धुवायचे. मुलं आणि गरोदर बायका आसपास नकोत. कढई परत घरच्या ओट्यावर चढवायची नाही. साय झाकणाच्या डब्यात भरून भंगारवाल्याला द्यायची, कचऱ्यात नाही.

आठ महिन्यांनी साच्याची अवस्था : घरं जशीच्या तशी, एका कडेला किंचित चरा, बिजागरीत थोडी खडखड. अ‍ॅल्युमिनियमला काही झालं नाही, पण बिजागरीची आणि दोन भाग जुळवणारी डॉवेल पिन, दोन्ही लोखंडी, एप्रिलपासूनच तांबारायला लागल्या होत्या. आता पावसाळ्यासाठी त्यांना तेल लावून साचा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलाय. ऑक्टोबरमध्ये काढल्यावर ते तेल आधी साबणाने धुवावं लागेल, नाहीतर पहिल्या सगळ्या नगांवर पुन्हा सुरकुत्या.